मी भांडायची थांबले तेव्हा

मी माहेरापासूनच फटकळ. सत्तरच्या सुमारास लग्न होऊन नागपुरात आले, ती थेट सासऱ्यांशी भांडायलाच. त्यांचं गांधीबागेत कापडाचं दुकान, माझ्या वडिलांची कळमेश्वरकडे संत्र्यांची बाग. सकाळच्या चहाला ते मुद्दाम बागेवरून खोडी काढायचे आणि मी फाडकन उत्तर द्यायची. सासूबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या.

दिवाळीनंतर मुलगी झाली आणि माझा आवाजच गेला. जेव म्हटलं की जेवायची, पाज म्हटलं की पाजायची. पोर दुसऱ्याच कुणाची तरी वाटायची. झोप नाही. परसातल्या विहिरीकडे बघत बसायची आणि वाटायचं, सुटेन एकदाची. हे सांगणार कुणाला? घरात तर माझं कौतुक चाललेलं. "आई झाली अन् कशी शहाणी झाली!" सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या.

बाळंतिणीच्या खोलीकडे पुरुष फिरकत नसत. एका सकाळी सासरे मात्र हातात संत्रं घेऊन दारात उभे. "सूनबाई, तुह्या बापाची संत्री यंदा लई आंबट निघाली वं."

"हो," मी म्हटलं. "आंबटच आहेत."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आजही आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो. स्वयंपाकघराकडे वळून ते ओरडले, "अवं, शहाणी काय म्हणतं तिले? पोरगी भांडून नाही राहिली! बिमार आहे. मी रिक्षा आणतो."

डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं, तेव्हा विहिरीचं पहिल्यांदा बोलले. "बाळंतपणानंतर होतं असं. हा आजार आहे, तुझा दोष नाही. बरी होशील," त्या म्हणाल्या. औषध दिलं, एकटं सोडू नका म्हणून घरच्यांना बजावलं.

सासऱ्यांनी विहिरीवर फळ्या ठोकून घेतल्या. दुपारी मला झोप मिळावी म्हणून दुकान सोडून पाळणा हलवत बसायचे. ज्या माणसानं कधी स्वतःचा पाण्याचा पेला उचलला नव्हता, तो! मी नुसती बघत राहायची. सख्ख्या माणसांना जे दिसलं नाही, ते या भांडखोर म्हाताऱ्यानं माझ्या एका 'हो'वरून ओळखलं. कसं ओळखलं असेल? त्याचा अचंबा मला अजून सरलेला नाही.

होळीच्या आधी वडिलांच्या बागेतून मृग बहाराची, म्हणजे दुसऱ्या हंगामाची संत्री आली. त्यांनी एक फोड तोंडात टाकली. "आंबट!"

"तुमच्या जिभेलाच चव नाही," माझ्या तोंडून निघून गेलं. "अन् आंबट आहेत तर अख्खी टोपली काहून संपवून राहिले तुम्ही?"

ते हसले नाहीत. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत आत ओरडले, "अवं, ऐकलं काय? सून भांडून राहिली!"