नायिका दारात आली ती कळली पाहिजे

साळवे सर गेल्याचं मला बदनापूर स्टेशनवर कळलं. त्यांच्या लेकीचा फोन आला. "काका, सकाळी बाबा गेले..." जालन्याची गाडी आली, थांबली, गेली. मी आपला बाकावर बसून राहिलो. त्याला आता काही आठवडे झाले, पण अजून एखादा आवाज कानाला खटकला की वाटतं, हे सरांना विचारलं पाहिजे.

आम्ही एकाच शाळेत होतो. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. निवृत्तीनंतर कोणाला शेती सुचते, कोणाला राजकारण. सरांना एकच सिनेमा सुचला. लग्नानंतर जालन्याच्या टॉकीजमध्ये कमलवहिनींबरोबर पाहिलेला, जुना, कृष्णधवल. पुढं काचबिंदूनं वहिनींची नजर गेली, पण तो सिनेमा काही सुटला नाही. त्या तो कानांनी बघायच्या. काठी वाजली की नायक आला, फरशीवर जोडवी वाजली की नायिका आली. घरातल्या जुन्या सीडीत खरखर फार, पण एवढं सगळं नीट कळायचं.

मग त्याच सिनेमाची दुरुस्त केलेली नवी डिस्क निघाली. सरांनी ती हौसेनं आणली आणि मला जेवायलाच बोलावलं. चित्र असं लख्ख, की लुगड्याच्या काठावरची नक्षी दिसावी. पण शेवटाकडं, घर सोडून गेलेली नायिका एक शब्द न बोलता परत येते, त्या जागी सर ताडकन उठले. "जोडवी कुठं गेली?" खरखर काढता काढता कोणीतरी ती पावलंही पुसून टाकली होती, वर संगीत मोठं केलेलं. मी म्हणालो, "अहो, दिसतेय की ती दारात." तर माझ्यावरच उखडले. "तुम्हाला दिसून राह्यली हो! हिला कशी दिसावी? हिच्यासाठी ती बाई अजून घरी आलीच न्हाई!" मग वहिनींच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "आली बरं का... दारात उभी हाये. डोईवरचा पदर घसरलाय."

तेव्हापासून त्यांनी ध्यासच घेतला. जुनी-नवी दोन्ही डिस्क आळीपाळीनं लावायच्या, टीव्हीवर टॉवेल टाकायचा आणि कान देऊन बसायचं. हिला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसता कामा नये, हा त्यांचा नियम. पुण्या-मुंबईला कोणी निघालं की सर त्याच्या मागं. "अजून एखादी निघाली का बघा, बराबर आवाजाची." आम्ही त्यांची खूप टिंगल केली. पण खरं सांगतो, बायकोला एक पाऊल ऐकू यावं म्हणून एवढा खटाटोप करणारा दुसरा नवरा मी पाहिला नाही. गंमत म्हणजे वहिनी दर वेळी नवीच डिस्क मागायच्या. "गाणे चांगले ऐकू येतेत," म्हणायच्या. सर कपाळावर हात मारायचे, "हिला गाण्याचंच पडलंय!" आणि तीच लावायचे, त्या जागेशी आले की पुन्हा वाकून सगळं सांगायचे.

सर गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, तेव्हा मी एका दुपारी घरी गेलो. थोडं बोलणं झालं. मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तेवढा सिनेमा लावता का?" मी सवयीनं नवी डिस्क काढली आणि तसं त्यांना सांगितलंही.

"ती नको. जुनी लावा."

"तुम्हाला तर नवीच आवडायची ना?"

"जुनीत मला सगळं कळतं, भाऊजी. मंग हे गपचिप बसायचे. नवीत ह्यांना बोलावं लागायचं..." पदरानं त्यांनी तोंड पुसलं. "कधी सांगितलं न्हाई मी. आता नवीत कोण बोलणार?"

मी जुनी लावली.