सासूबाईंचं आणि माझं नाव

माझं माहेरचं नाव मी इथेही लिहिणार नाही. आता अडवायला कुणी उरलेलं नाही, तरी हात थांबतो. कवठे येमाईच्या शाळेत गुरुजींना त्या नावाचं भारी कौतुक. फळ्यावर नाव लिहून त्याखाली ते त्या नावाची एकेक बाई मांडायचे. राज्य चालवणारी राणी, अभंग रचणारी संत, शिव्याशाप खाऊन मुलींना शिकवणारी मास्तरीण. मग खडू माझ्याकडे रोखून म्हणायचे, "आन् चौथी ही." मी फुगून टम्म. याच नावाच्या किती जणी चुलीपुढे बसून संपल्या, ते मात्र गुरुजींनी कधी सांगितलं नाही.

जुनी अकरावी पास झाले, मास्तरणीच्या ट्रेनिंगचा अर्ज भरला, आणि आषाढ लागायच्या आत केडगावात माझं लग्न उरकलं. सासूबाईंचंही नाव तेच निघालं. सुनेनं सासूचं नाव तोंडातही आणायचं नाही, मग ते स्वतः लावणं दूरच. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं दुसरंच नाव लिहिलं. बायका म्हणाल्या, छान आहे. नव्या नावानं हाक आली की मी ओ द्यायची विसरे, म्हणून पहिल्याच आठवड्यात बहिरी ठरले.

सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांना तरी त्यांच्या नावानं कोण हाक मारत होतं? सासरे "अगं" म्हणत, गाव "आक्का" म्हणे. मला याचा संताप येई. वापरत कुणीच नाही, आणि माझ्याकडून काढून मात्र घेतलं.

दोन महिन्यांनी आम्ही दोघी अंगणात ज्वारी निवडत होतो. पोस्टमन सायकलवरून उतरला आणि त्यानं माझं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं, वडिलांच्या नावासकट, माहेरच्या आडनावासकट. वडिलांनी जुना पत्ता खोडून इथला घातला होता. ट्रेनिंगचं बोलावणं होतं. मी उठून उभी राहिले.

सासूबाईंनी आडनाव ओळखलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पोस्टमनला म्हणाल्या, "या नावाची या घरात म्या एकलीच हाय. आन् हे आडनाव आमचं न्हाई."

तो माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही कवठ्याकडल्याच ना? अशी कुणी हाय का हितं?"

सासूबाई सूप धरून बघत होत्या. रागानं नाही, घाबरून. सून हातची जाईल म्हणून, की नाव जाईल म्हणून, ते मला कधीच कळलं नाही. रागावल्या असत्या तर मी भांडले असते.

"न्हाई," मी म्हणाले.

त्यानं कानावरची पेन्सिल काढली, पाकीट सायकलच्या सीटवर टेकवलं आणि लिहिलं. मी जवळच उभी होते आणि मला वाचता येत होतं. या नावाची बाई येथे राहत नाही.