आत राहिलेली दोरी
इंदिरानगरच्या आमच्या गॅलरीत वाळत घातलेल्या बोटीच्या सामानातून ओल्या रबराचा वास सुटला, की आजही माझं कशात लक्ष लागत नाही. त्या वर्षी धरणातून पाणी सोडलं होतं आणि शहराबाहेर गोदावरीच्या उसळत्या लाटेवर कयाकच्या, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या छोट्या बोटीच्या, कसरतींची स्पर्धा होती. पंचेचाळीस सेकंदांत जितक्या कोलांट्या आणि गिरक्या, तितके गुण. गुणांत मी पहिली होते आणि फक्त पेठकडची एक मुलगी उतरायची उरली होती. तिने पाणी आत शिरू नये म्हणून कमरेचा रबरी पडदा बोटीच्या तोंडावर ताणून बसवला, तेव्हा मला दिसलं, त्याची दोरी आतच राहिलीय. उलटलेली बोट सुलटी झाली नाही, तर तीच दोरी ओढून सुटायचं असतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. आता सांगितलं तर लोक म्हणतील, मुद्दाम बिचकवलं, असं मी स्वतःला समजावलं. शिट्टी वाजली. ती उलटून दिसेनाशी झाली, की मी वल्हं आवळायचे. ती वर यायची, पुन्हा उलटायची. माझ्यापेक्षा कितीतरी सरस खेळली. काठाला येऊन म्हणाली, "लय भारी झालं ना? तुझं तोंड का असं पडलंय?" "दोरी आत आहे तुझी." तिने खाली पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. "कधी दिसली तुला?" "आत्ताच," मी म्हणाले. तिने माझा हात घट्ट धरला, "बरं झालं सांगितलंस." आता मी कयाक शिकवते. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाची दोरी बाहेर आहे ना, ते दोनदा चाचपून बघते, आणि सगळे म्हणतात, ताईंना आमची किती काळजी.