किरनापूरवाला

दिवाळीत वारासिवनीच्या एका राइस मिलच्या ओसरीवर आमचा तीन पत्तीचा डाव बसायचा. एका दुपारी मिलवाल्याच्या ओळखीचा एक माणूस किरनापूरहून आला आणि आमच्यात बसला. आलेले पत्ते तो एकदाच बघायचा, पालथे ठेवायचा आणि बहुतेक वेळा पहिल्याच चालीला सोडून द्यायचा. थांबला, तर मात्र हटायचा नाही.

एका डावात आम्ही दोघेच उरलो. माझ्याकडे दोन एक्के होते. खिसा रिकामा झाला, तशी मी मुलीच्या स्कूटीची गुलाबी गोंडा लावलेली चाबी मध्ये ठेवली. ती त्याच गाडीवर बालाघाटला कॉलेजात जायची.

"पोरीची दिसते. काहून ठेवता, भाऊ?"

"दम नसन तं पॅक कर ना बाप्पा!"

त्याचा अंगठा पत्त्यांच्या कडेवरून फिरत राहिला. मग त्याने पत्ते सरकवले.

"पॅक. मले गाडी चालवता येत नाई."

सगळे हसले. सोडलेले पत्ते उलटून बघायचे नसतात, पण पिसताना मी बघितले. तीन राजे होते. डाव त्याचाच होता. मी ते गड्डीत मिसळले आणि गावभर सांगितले की तो घाबरला. आजही आमच्याकडे भिऊन पत्ते टाकणाऱ्याला 'किरनापूरवाला' म्हणतात. ते नाव मी पाडले.

आमचे हसणे चालूच होते, तेव्हा त्याने फाटकाबाहेर आपल्या मोटारसायकलला किक मारली आणि तो निघून गेला.