सहावा पत्ता

भुतंखेतं, करणी, अंगात येणं... असला विषय निघाला की मी आधी हसते. आजही हसते. तरी हे लिहितेय, आणि ज्यांना माझ्यावर हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी अंबरनाथची, शिवमंदिराजवळ राहायचे. उल्हासनगरला एका कापडदुकानाच्या वर ‘सी’ या कॉम्प्युटरच्या भाषेचा क्लास होता. बॅचमध्ये आम्ही सहा मुली. खरवईची वैशाली सगळ्यांत हुशार, आणि नेमकं तिलाच वडिलांनी घरी बसवलं. स्थळ आलं होतं. शिकायचं ते लग्नानंतर शिक म्हणे! उरलो पाच.

त्या दिवशी आमच्या सिंधी सरांनी पॉइंटरचा ऍरे, म्हणजे पत्त्यांची रांग, शिकवला. "पॉइंटर में माल नहीं होता, माल का पता होता है." मी आम्हा पाचजणींची नावं टाकली. सीमध्ये मोजणी शून्यापासून, म्हणजे एकेक नाव छापत जाणारा लूप चारवर थांबवायचा. मी सवयीने पाचपर्यंत नेला. ऍरे संपला तरी मशीन आणखी एका पत्त्यावर गेलं, जो कुणी दिलाच नव्हता. तिथे काहीबाही चिन्हं यायला हवी होती. आलं काय... वैशाली! तेही इंग्रजीत शेवटी डबल ई लावून. असं स्पेलिंग फक्त तीच करायची. आम्ही त्यावरून तिला भरपूर पिडलं होतं.

"गार्बेज व्हॅल्यू है बेटा," सर म्हणाले. "किसी का पुराना पड़ा होगा."

पण ते मशीन वैशालीने क्लास सोडल्यावर आलेलं. बंद करून पुन्हा चालू केलं — पुन्हा तेच. माझं डोकंच फिरलं. आमच्यातली सगळ्यांत हुशार पोरगी, आणि गार्बेज, कचरा?

तिचा पत्ता मला माहीत होता. तशीच उठले आणि खरवई गाठली. घरात पोह्यांची तयारी, वैशाली साडीत, तोंड उतरलेलं. संध्याकाळी पाहुणे बघायला येणार होते.

"काका, वैशालीचं नाव आलंय. कॉम्प्युटरवर."

"नाव आलंय?" काका, म्हणजे तिचे वडील, उभेच राहिले. "कितवा नंबर लागला?"

"सहावा."

सीच्या हिशेबाने पाचवा, पण ते काकांना कुठे समजावत बसू? जन्म कारखान्यात गेलेला माणूस. नाव येणं म्हणजे नोकरी, एवढंच त्यांना ठाऊक. आत वळून काकूंना म्हणाले, "पाहुन्यांना निरोप धाड. पोरीचा नंबर लागलाय, आत्ता लग्न नको."

दुसऱ्या दिवशी वैशाली क्लासला हजर. ऍरे सहाचा केला आणि तिचं नाव तिनेच टाकलं. मग मुद्दाम त्याच्याही पुढे लूप पळवला, कितीदा तरी. नुसता कचरा आला. सरांनी मान हलवली आणि चहा मागवला.

पुढे तिला खरंच नोकरी लागली, तेव्हा काकांना सगळं सांगितलं. मैत्रिणी अजून म्हणतात, तू खोटं बोललीस. अजिबात नाही. नाव आलं होतं. कसं आलं ते मला आजही सांगता येत नाही, पण पत्ता बरोबर होता.