दुसरा जिन्नस

यंदा पुरीमच्या सणाला जालन्यात डबा भरलाच गेला नाही. डबा पाठवणारे काका पौषात वारले. ज्यांच्याकडे तो जायचा, त्या त्यांच्या भावजय आदल्या वर्षीच्या श्रावणात वारल्या होत्या. माझ्या माहितीप्रमाणे शहरात ज्यू माणसे ही दोनच होती. डबा नेण्याचे काम अकरा वर्षे माझ्याकडे होते.

काका बोलण्याआधी उजव्या हाताची दोन बोटे वर करत. चहावाल्याला वाटे, दोन कप हवेत. पुष्कळदा दोन कप येतही, आणि दुसरा मला मिळे. मूळ सवय काट्यावरची. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलच्या वजनकाट्यावर त्यांनी सगळी नोकरी काढली. भंगार घेऊन आलेला ड्रायव्हर घाई करू लागला की खिडकीतून ही दोन बोटे बाहेर येत. "भरली एकदा, रिकामी एकदा. दोनदा तोलल्याबिगर वजन न्हाई." त्या रस्त्याने जाताना तुम्ही कधी ट्रकच्या रांगेमागे अडकला असाल, तर ती बोटे तुम्हीही पाहिली असतील.

मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात होतो. जादा भरलेल्या गाड्यांच्या बातमीसाठी काट्यावर गेलो. बातमी मिळाली नाही. काकांनी स्टूल पुढे सरकवले आणि बोटे वर केली. "लिहायचं तर दोघांला विचारून लिहा, पत्रकार. एकाचं ऐकून न्हाई चालत." पुढे ते निवृत्त झाले. त्यांची भाड्याची खोली जुन्या जालन्यात, आमच्या कार्यालयामागच्या गल्लीत होती. येणे-जाणे वाढले.

नाव ऐकून कोणी त्यांना ख्रिस्ती समजे, टोपी पाहून कोणी मुसलमान. काका दुरुस्त करत नसत. घराणे अलिबागकडचे, बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू. थोरला भाऊ रेल्वेत गार्ड होता. तो बदलीने जालन्यात आला, मागोमाग काका आले. चाळीस वर्षांत कोकणातली बोली गेली आणि इथली आली. लग्न केले नाही.

त्यांच्या नव्या वर्षाचा सण पावसाळ्याच्या अखेरीस येई. तेव्हा ते चिकाचा हलवा करत. गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध तासन् तास घोटायचे, मग परातीत थापून वड्या पाडायच्या. शेजारच्या मावशी दारात उभ्या राहून देखरेख करत.

"काका, औंदा घोटायला कमी पडला बरं का."

"खायच्या आधीच बोलून राह्यल्या तुमी."

"रंग दिसतो की."

"मंग तुमाला रंगच देतो, वडी ऱ्हाऊ द्या."

वडी मावशींनाच पहिल्यांदा मिळे. त्या हलव्याला नियम नव्हता. गल्लीत ज्याने हात पुढे केला, त्याच्या हातावर वडी पडे. नियम होता तो पुरीमच्या डब्याला.

पुरीम बहुतेक वर्षी होळीलाच येतो. त्यांच्या घरात त्याला होळीचा सणच म्हणत. एखाद्या वर्षी अधिक महिन्याच्या हिशेबात फरक पडला की तो महिनाभर आधी येई, आणि काका म्हणत, "आमची होळी पेटून गेली, तुमच्या गोवऱ्या अजून ओल्या." अशाच एका पुरीमला त्यांनी मला सकाळी बोलावले. टेबलावर पितळी डबा होता. त्यात पुरणपोळ्या आणि दोन केळी होती.

"ह्या दिवशी गरिबाला द्यायचं असतं. ते कोणालाबी चालतं, धरम विचारायचा न्हाई. ते झालं सकाळीच, स्टेशनवर. पण डबा आपल्याच माणसाला गेला पायजे. दोन जिन्नस. एक न्हाई चालत. झाकण उघडलं की खाता आलं पायजे. नेणारा तिसरा. अन् दिवस मावळायच्या आत."

"आपलं माणूस म्हणजे?"

"यहुदी."

"जालन्यात कोण आहे?"

काकांनी कुंडलिकेच्या पुलाच्या दिशेने पाहिले. "हाय एक," ते म्हणाले. "तिच्याशी मी बोलत न्हाई."

ती त्यांची भावजय. नव्या जालन्यात राहायची. निवृत्त नर्स, सगळे तिला सिस्टर म्हणत. मीही तेच म्हणत असे. भांडणाची हकीकत मी दोघांकडून ऐकली आणि दोन्हीकडची जुळली. थोरला भाऊ मे महिन्यात दुपारी वारला. काका एका लग्नासाठी अलिबागला होते. ज्यूंचे कब्रस्तान जवळपास नाही. सिस्टरांनी पाद्रीसाहेबांची परवानगी घेतली आणि ख्रिस्ती कब्रस्तानाच्या कोपऱ्यात त्याच संध्याकाळी दफन केले. काका दुसऱ्या दिवशी पोचले.

"दहा यहुदी न्हाई, कद्दिशची प्रार्थना न्हाई," काका म्हणत. "माझ्या भावाला परक्या मातीत ठेवला. मी येऊन राह्यलो होतो ना? थांबायचं होतं."

सिस्टरांचे म्हणणे एका वाक्याचे होते. "चव्वेचाळीस डिग्री होतं, भाऊ. मी नर्स आहे, मला माहीत होतं थांबणं म्हणजे काय."

त्यानंतर दोघे बोलले नाहीत. पण डबा थांबला नाही, कारण नियमाप्रमाणे पाठवायला दुसरे कोणी नव्हते.

पहिल्या वर्षी सिस्टरांनी काकांचा डबा रिकामा केला, घासला आणि त्यातच करंज्या आणि खजूर भरून माझ्याकडे दिला. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, तसा. काकांनी तो उघडला आणि दोन बोटे वर केली.

"हे पाठवणं हाय का परतफेड?"

"फरक काय?"

"परतफेड असंल तर तिच्याकडून देवाची आज्ञा पुरी झाली न्हाई. तिला सांगा, तिच्या डब्यात पाठव."

मी परत गेलो. सिस्टर हसल्या. "वजनकाटा घरी घेऊन आलेत वाटतं भावजी," त्या म्हणाल्या आणि स्टीलचा डबा काढला. त्यानंतर दरवर्षी पितळी डबा पूल ओलांडून तिकडे जाई आणि स्टीलचा इकडे येई. करंजीला तूप कमी आहे, पोळी फाटली आहे, असे शेरे माझ्याबरोबर जात-येत. प्रकृतीची चौकशी कोणी करत नसे. पण एका वर्षी काकांनी दात काढून घेतल्याचे मी सहज बोललो, तर पुढच्या वर्षीच्या डब्यात सगळे मऊ होते.

दोन वर्षांपूर्वी पुरीम होळीच्याच दिवशी आला. मी दुपारी पितळी डबा पोचवला. सिस्टर खुर्चीतून उठल्या नाहीत. स्टीलचा डबा तयार होता. काकांनी तो उघडला. आत फक्त करंज्या होत्या.

"दुसरं कुठंय?"

"एवढंच दिलं."

"रस्त्यात खाल्लं का? पत्रकाराचं काय सांगता येतं."

ते हसले नाहीत. मी परत गेलो. सिस्टरांच्या शेजारी टेबलावर एक लहान डबी होती.

"दुसरा जिन्नस ह्यात आहे. खारका आहेत," त्या म्हणाल्या. "हा मी तुमच्या हाती देणार नाही. भावजींना सांगा, येऊन घेऊन जा. दिवस मावळायच्या आत."

"खारका? त्यांना दात नाहीत."

"म्हणूनच. बसावं लागेल. भिजवून देईन."

मी निघालो तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. डॉक्टरांनी काय सांगितले आहे ते त्यांनी सांगितले. पुढची होळी दिसणार नव्हती. "हे त्यांना सांगायचं नाही. दयेनं यायला नको आहेत ते. शब्द द्या, भाऊ." मी शब्द दिला.

काकांनी निरोप ऐकून घेतला. मग टोपी घातली, घराला कुलूप लावले आणि माझ्याबरोबर चालू लागले. मोटारसायकलवर बसायला नको म्हणाले. पुलाच्या तोंडाशी आल्यावर थांबले.

"मी स्वतः गेलो तर ते पाठवणं होत न्हाई. ती देणार, मी घेणार. नुसता पाहुणचार झाला. तिची आज्ञा अर्धीच ऱ्हाती."

"नाही गेलात तरी अर्धीच राहते."

"मंग तिला म्हणावं, पाठव."

"त्या पाठवणार नाहीत. तुम्ही या म्हणतात."

"का?"

मी शब्द दिला होता. काका पुलाच्या कठड्याला टेकून उभे राहिले. खालच्या चौकात गोवऱ्या रचून झाल्या होत्या. एकदा ते दहा-बारा पावले पुढे गेले आणि परत आले. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिले. चौकात होळी पेटली, लोकांनी बोंब मारली.

"मावळला," काका म्हणाले आणि घराकडे वळले.

मी सिस्टरांकडे गेलो. त्यांनी माझ्यामागे दाराकडे पाहिले. "ठीक आहे," म्हणाल्या आणि डबी फडताळात ठेवायला सांगितली.

त्या श्रावणात वारल्या. मी फोन केला. काका थेट कब्रस्तानात आले. अकरा वर्षांत ते तिथे पहिल्यांदा येत होते. भावाची कबर कुठली, हे त्यांना दाखवावे लागले. शेजारी खड्डा तयार होता. आम्ही सहाजण होतो, त्यांत ज्यू एकटे काका. एकट्याने म्हणता येते तेवढे त्यांनी पुस्तकातून वाचले. त्यांच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही कबरींवर एकेक दगड ठेवला. बाहेर पडताना त्यांनी विचारले,

"तुमाला माहीत होतं?"

"हो."

"होळीला?"

"हो. सांगू नका म्हणाल्या होत्या."

त्यांनी फाटकाची कडी लावली. "बराबर हाय," म्हणाले. "निरोप्यानं दिला तेवढाच निरोप सांगावा."

महिन्याभराने घरमालकाला सिस्टरांची खोली रिकामी हवी होती. ज्यूंच्या दाराच्या चौकटीवर एक लहान नळी असते, आत चर्मपत्रावर प्रार्थना लिहिलेली. तिला मेझुझा म्हणतात. घर दुसऱ्याकडे गेले की ती काढून घ्यायची. काकांनी स्क्रू-ड्रायव्हर आणला होता. दोन स्क्रू होते. त्यांनी ते काढले, नळी ओठांना लावून रुमालात गुंडाळली. खोलीत ते गेले नाहीत. शेजारच्या बाईने आतून ती डबी आणून माझ्या हातात दिली. झाकणावर औषधाच्या बाटलीला लावतात तसली चिकटपट्टी होती आणि सिस्टरांच्या अक्षरात लिहिले होते, 'दुसरा'. मी डबी उघडली. आत सात खारका होत्या. मी ती काकांपुढे धरली.

"दिवस गेला," ते म्हणाले. "आता ते नुसतं खाणं हाय." पण डबी त्यांनी खिशात घातली.

त्या हिवाळ्यात काकांनी मला एक काम सांगितले. "तुमचे लोक गावोगाव हायेत. जिल्ह्यात आमचं कोणी हाय का बघा. म्हातारं, पोरगं, कोणीबी." मी वार्ताहरांना फोन केले. हसनाबादकडून नाही आले, भोकरदनहून नाही आले. वाटूरच्या वार्ताहराने कळवले की तिथे सॅम्युअल नावाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. काकांनी टोपी घातली आणि आम्ही वाटूरला गेलो. शिक्षकांनी चहा केला, सगळे ऐकून घेतले. "आम्ही ख्रिस्ती आहोत हो," ते म्हणाले. "नाव तेवढं तुमच्यातलं." मी काकांना घेऊन परत निघालो. फाट्यावर त्यांनी चहा मागवला. सवयीने दोन बोटे वर केली.

होळीच्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "डबा तयार हाय." मी गेलो. पितळी डबा टेबलावर होता. पुरणपोळ्या, दोन केळी.

"कुठे न्यायचा?"

"पत्ता न्हाई."

आम्ही बसून राहिलो. उन्हे भिंतीवर चढली. चौकातून बोंब ऐकू आली, तेव्हा त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला.

"खा तुमी."

"मी खाल्लं तर चालतं?"

"पोट भरंल," काका म्हणाले. "आज्ञा न्हाई भरत."

त्यानंतरच्या पौषात एका सकाळी मावशींनी दार वाजवले, उघडले नाही. डॉक्टरांनी पहाटेची वेळ लिहिली. काकांचा एक चुलत पुतण्या ठाण्याला असतो; तो रात्रीच्या आत पोचतो म्हणाला आणि पोचला. शव ठाण्याला न्यायची त्याची तयारी होती. उशीखाली काकांच्या अक्षरातला कागद सापडला. त्यावर दोन शब्द होते: 'भावाशेजारी. इथेच.' दफन दुसऱ्या दिवशी सकाळी झाले. पाद्रीसाहेबांनी जागेची अडचण सांगितली नाही. आता त्या कोपऱ्यात एका ओळीत तीन कबरी आहेत. तिसरीवर अजून नाव घातलेले नाही.

पुतण्याने दाराच्या चौकटीवरची नळी काढली. सिस्टरांची रुमालातच होती, तीही त्याने घेतली. पितळी डबा त्याने मला दिला. मावशींना हलव्याची परात दिली.

कपाट मी आवरले. वरच्या फळीवर प्रार्थनेचे पुस्तक, कवळीचा पेला आणि सिस्टरांची डबी होती. चिकटपट्टी झाकणावर तशीच होती. मी डबी उघडली. आत खारकेच्या सात बिया होत्या.