किल्ल्यातली इंग्लिश खाडी

आमच्या ह्यांना इंग्लिश खाडी पोहून जायची होती. नळदुर्गात बसून माणसानं अशी इच्छा धरावी याचं मला लग्नाच्या पहिल्या वर्षी हसू आलं, दुसऱ्या वर्षी राग आला आणि तिसऱ्या वर्षी ती इच्छा मलाच चिकटली. घरात एकाला खरूज झाली की सगळ्यांना होते, तसलाच प्रकार.

समुद्र आमच्या घरात कुणी पाहिलेला नव्हता. हे शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळं ह्यांनी तो नकाशावर पाहिला होता तेवढाच. निजामाचं राज्य गेलं, शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली, आणि ज्यांनी स्वतः उर्दूत भूगोल घोकला ते हे आता पोरांना मराठीत सात समुद्र शिकवत होते. सोलापूरचं वर्तमानपत्र एसटीनं यायचं, शिळं होऊनच. एक दिवस त्यात बातमी होती की आपल्या देशातला एक जण इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधली खाडी पोहून गेला. मी भाकरी थापत होते. हे वर्तमानपत्र घेऊन थेट चुलीपाशी आले आणि म्हणाले, "ही चूल म्हणजे इंग्लंड. ही काठवट म्हणजे फ्रान्स. मधे एवढंच पाणी."

"मधे मी बसलेय," मी म्हटलं. "तेवढं बघा."

त्यांनी बघितलं नाही. नजर काठवटीवर लागली होती. तव्यावरची भाकरी करपली ती मी त्यांनाच वाढली, आणि त्यांनी ती तक्रार न करता खाल्ली. तेव्हाच मला कळायला हवं होतं की प्रकरण साधं नाही.

पोहणं त्यांना येत होतं, हे कबूल केलं पाहिजे. पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकललेली पोरं आमच्याकडं गल्लोगल्ली. पण बाकीची पोरं पोहून झालं की वर येतात आणि पोटापाण्याला लागतात. ह्यांचं तसं झालं नाही. बोरी नदीचं पाणी किल्ल्यातल्या जुन्या धरणानं अडवलेलं आहे. रोज शाळा सुटली की हे त्या पाण्यात उतरत. तिथं लांबी पुरत नाही म्हणून ह्यांनी खाडीची घडी घातली. या काठावरून त्या काठाला, तिथून परत, पुन्हा तिकडं, अशी ती सगळी खाडी लुगड्यासारखी घड्या घालून किल्ल्यात बसवली.

तेही चाललं असतं. पण समुद्राचं पाणी खारट असतं, तर अंगाला सवय हवी म्हणून आंघोळीच्या पाण्यात मीठ टाकायचा हुकूम झाला. दुकानदार मला विचारायला लागला, "वहिनी, लोणची घालताय का काय?" मग कुठंतरी वाचलं की तिकडचे पोहणारे थंडी वाजू नये म्हणून अंगाला चरबी फासतात. चरबी आमच्या घरात चालली नसती, म्हणून ह्यांनी गाडीच्या आसाचं वंगण फासून पाहिलं. आठ दिवस अंथरुणात बैलगाडी झोपल्यासारखं वाटत होतं. शेवटी मी करडईच्या तेलात मेण वितळवून मलम करून दिलं. ते प्रेमानं केलं असं कुणी समजू नये. मला झोप हवी होती.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे मी ज्यांना आत्याबाई म्हणायचे त्यांना, खाडीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचं भांडण आसरांशी होतं. पाण्यात राहणाऱ्या या साती आसरा देखण्या माणसाला ओढून नेतात, अशी आमच्याकडं समजूत. "आणि माझं पोरगं लई देखणं हाय," असं आत्याबाई मला बजावून सांगायच्या. मी मान खाली घालून पदरात हसायचे. त्यांचा एक नियम पक्का होता. तिन्हीसांजंला पाण्याच्या काठी कुणाचं नाव घ्यायचं नाही. "पोरी, आसरा ऐकत्यात. एकदा नाव कळलं की मागारी सोडत न्हाईत."

मला त्याची अडचण नव्हती. नवऱ्याचं नाव मी तिन्हीसांजेला काय, भर दुपारीसुद्धा घेत नव्हते. घ्यायचं तर उखाण्यात, तेही हळदीकुंकवाला बायकांनी दार अडवलं तर. ह्यांनी तर तेवढंही केलं नव्हतं. लग्नात घास देताना सगळ्यांनी आग्रह केला, तर माणूस वाळक्या भोपळ्यासारखा बसून राहिला. माझं नाव त्यांच्या तोंडून मी तोवर ऐकलेलंच नव्हतं. "अगं" वर संसार चालला होता.

एकदा संध्याकाळी जेवण निवत होतं म्हणून मी तणतणत किल्ल्यात गेले. हे पाण्याच्या मध्यावर होते. घरात ज्यांना स्वतःचा सदरा सापडत नसे, ते पाण्यात कुणी दोरी धरल्यासारखे सरळ चालले होते. हात घाईनं पडत नव्हते, थांबतही नव्हते. मी बराच वेळ बघत बसले. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाचाही मला रागच आला. पण घरी परत येताना मीच विचारलं, "मग त्या फ्रान्सला जायला काय करावं लागतं?"

ह्यांनी सोलापूरच्या पोहण्याच्या मंडळाशी बोलणं लावलं. त्यांनी सांगितलं, आमचे पंच येतील. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पोहून दाखवा. जमलं तर बंगालातल्या नदीवर लांब पल्ल्याची शर्यत होते, परदेशातले लोकही येतात, तिथं तुमचं नाव पाठवू. तिथं टिकलात तर पुढं खाडी.

संक्रांत होऊन गेली होती. पंच आले, पांढरी विजार, डोक्याला टोपी, गळ्यात घड्याळ. वयस्कर गृहस्थ, बोलायला गोड आणि नियमाला कडू. त्यांनी काठावर सगळ्यांना नियम सांगितला. दिवसभरात पोहणाऱ्यानं नावेला हात लावायचा नाही, त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि सूर्य बुडाल्यावर आपल्या पायांनी कोरड्या जमिनीवर यायचं. तोवर कुणाचंही बोट लागलं तर सगळं बाद. आत्याबाई तेव्हा खाली पायरीवर आसरांसाठी खडे वेचत होत्या, त्यांच्या कानी यातलं काही गेलं नाही.

"नाव कुठंय?" त्यांनी विचारलं.

नाव आमच्याकडं कुठली? गुळाची काहील होती. उसाचा रस उकळायची ती भली मोठी लोखंडी कढई, पुरात आमचे लोक तिच्यातूनच नदी ओलांडतात. ती वल्हवायला आमच्या शेजारचे चाचा आले. मोटार स्टँडवर ते पंक्चर काढायचे. काहिलीत चाचा, पंच आणि मी. खाऊ घालायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून मला बसू दिलं. काहील सरळ जाते कमी, फिरते जास्त. पंचांना सकाळीच मळमळायला लागलं. "आरामसे बैठो साब," चाचा म्हणायचे, "ये नाव नक्को बोलती नै, पर सीधीबी चलती नै."

हात न लावता खायला द्यायचं कसं, यावर मी आठ दिवस डोकं चालवलं होतं. आंबे उतरवायचा झेला असतो ना, लांब काठीला जाळी, तो मी आणला होता. जाळीत तांब्या बसवायचा, तांब्यात जोंधळ्याची गूळ घातलेली पातळ पेज, आणि झेला पुढं करायचा. हे उताणे होऊन पेज पीत आणि तांब्या जाळीत परत टाकत. पंच मळमळ विसरून म्हणाले, "हे मी कुठं पाहिलं नाही बाई." मी पदर जरा नीट केला.

दुपारपर्यंत सगळा गाव तटावर बसला होता. पोरं ओरडत होती, "मास्तर! मास्तर!" बायका भाजलेल्या शेंगा सोलत होत्या. आत्याबाई काठाच्या पायरीवर हळदकुंकू, नारळ आणि सात खडे मांडून आसरांना समजावत बसल्या होत्या.

ऊन कलल्यावर मात्र ह्यांचे हात जड झाले. पेज नको म्हणाले. मग काही म्हणायचेच बंद झाले. सूर्य तटाला टेकला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे काठाकडं जात नाहीयेत, आमच्याकडं येताहेत. डोळे मिटलेले. हात नुसते सवयीनं पडत होते. काहिलीला हात लागला की दिवस वाया. चाचांनी वल्ही मारली, तर काहील जागच्या जागी गरकन फिरली.

"मास्तर! आँखां खोलो!" चाचा ओरडले. पंचांनी आडनावानं हाक मारली. मी "अहो! अहो!" करून घसा फोडला. पण मास्तर मास्तर तर सकाळपासून सगळा गाव ओरडत होता, आडनाव शाळेच्या हजेरीतलं, आणि अहो ही काय हाक आहे? तटावरच्या निम्म्या बायका आपापल्या नवऱ्याला अहोच म्हणत होत्या.

"झोपेत पोहतायत," पंच म्हणाले आणि अस्तन्या वर करायला लागले. "असा माणूस बुडतो. स्वतःच्या नावाला ओ दिली तर ठीक, नाहीतर मला बाहेर काढावं लागेल."

त्यांना नावानं हाक मारणारं माणूस जगात एकच, त्यांची माय, आणि ती काठावर. मी त्या काठाकडं बघितलं. तिन्हीसांज होती. आसरा होत्या. आत्याबाई उभ्या राहून माझ्याकडंच बघत होत्या. पंचांचा हात पाण्याकडं चालला होता. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि खाडी हातची जाणार या विचारानं संतापही तेवढाच आला होता.

मी तोंड उघडलं. तर नाव सुटं येईचना! जिभेला सवयच नव्हती. नवऱ्याचं नाव म्हटलं की आधी उखाण्याची दोन चाकं जोडावी लागत. मग जे आलं ते मी जिवाच्या आकांतानं ओरडले:

"जोंधळ्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा,
अमुकराव, काठ तिकडं हाय, उघडा की डोळा!"

अमुकच्या जागी खरं नाव होतं. ते इथं लिहिणार नाही, तेवढी शिस्त अजून आहे.

तटावरच्या शेंगा थांबल्या. पाण्यात ह्यांनी मान वर काढली, डोळे उघडले, हातभर अंतरावरच्या काहिलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि माझं नाव घेतलं. नुसतं नाव. ना उखाणा, ना अगं. घरात विचारावं तसं, जरा आश्चर्यानं.

"शुद्धीवर आहेत," पंच म्हणाले आणि हात मागं घेतला.

हे वळले. काठाकडं निघाले. मी काहिलीत हसत होते आणि रडत होते, चाचा मला "बस बहू, बस" म्हणत होते. सूर्य बुडाला. ह्यांचे पाय तळाला लागले. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले, मग गुडघ्याएवढ्या. कोरडी पायरी चार पावलांवर होती.

आणि आत्याबाई पाण्यात शिरल्या. लुगड्यासकट, हातात भाकरीचा तुकडा. कुणाला काही कळायच्या आत त्यांनी तुकडा ओवाळून पाण्यात फेकला, दोन्ही हात लेकाच्या गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

पंचांनी घड्याळ बंद केलं. ते वाईट माणूस नव्हते. टोपी काढून ह्यांना म्हणाले, "मास्तर, तुम्ही पोहलात. पण मी तुमचं नाव पाठवू शकत नाही."

मी काहिलीतून उतरले ती आत्याबाईंवर तुटून पडायच्या तयारीनं. तोंडात शब्द तयार होते. त्या थंडीनं कुडकुडत उभ्या होत्या, पण चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान. मला जवळ ओढून कानात म्हणाल्या, "भिऊ नगंस. तू तिन्हीसांजंला नाव घेतलंस, आसरांनी ऐकलं आसंल. म्हनून म्या लगीच अलाबला घेतली. आता काय बी न्हाय व्हत माझ्या पोराला." मग लुगडं पिळत म्हणाल्या, "बरं केलंस घेतलंस. माझा आवाज काय पोचला नसता तिथवर."

ह्यांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. नको, म्हणाले त्या मानेनं. मग त्यांनी मायच्या खांद्यावर पायरीवर ठेवलेला आपला कोरडा पंचा टाकला आणि विचारलं, "माय, जेवायला काय हाय?"

त्यांचा हात लागला म्हणून खाडी गेली, हे आत्याबाईंना आम्ही कधी सांगितलं नाही. माझं पोरगं कवाच फ्रान्सला गेलं असतं, पर त्या सोलापूरवाल्यांनी पुन्हा बोलावलंच न्हाय, असं त्या शेवटपर्यंत गावाला सांगत राहिल्या. पंचांना त्यांनी दिलेल्या शिव्या मी ऐकल्या आहेत. त्या बिचाऱ्यांच्या वाट्याला नको होत्या.

त्या रात्री मी चूल पेटवली. हे समोर येऊन बसले, अंगाला अजून माझ्या मलमाचा वास. मी पीठ मळत होते आणि मला राहवलं नाही. "गेली ना खाडी," मी म्हटलं. "वाईट वाटतंय का?"

"वाटतंय," ते म्हणाले. "लई वाटतंय."

चूल तिथंच होती, काठवट तिथंच होती, मधे मी बसले होते. या खेपेला त्यांनी बघितलं, आणि पुन्हा एकदा माझं नाव घेतलं.